दोन बोटं क्लचवर

जळगावात मोठ्या गाड्या चालवणाऱ्यांचा एक क्लब आहे. त्यांनी एकदा माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ आणि मागे भलामोठा फलक. फलकावर माझा दहा वर्षांपूर्वीचा फोटो, त्यामुळे निम्मे लोक मला शोधत होते. भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, आता भाऊंच्या हातून पहिली गाडी सुरू होईल आणि मग रॅली निघेल. समोर नवी कोरी क्रूझर उभी होती. मी चावी फिरवली, स्टार्टरचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. माइक हातात होता, म्हणून मी लोकांना शांतपणे समजावून सांगितलं की बॅटरी उतरलेली दिसते, दमट हवेत असं होतं. मग बाजूचं झाकण उघडलं, फ्यूज पाहिला. प्लगची टोपी काढायला वाकलो तर खांद्यावरची शाल सायलेन्सरवर पडली. तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक कॉलेजची मुलगी उठून आली. तिने हँडलवरचं लाल बटण अंगठ्याने सरकवलं आणि म्हणाली, "काका, आता दाबा."

गाडी एका झटक्यात सुरू झाली.

ते इंजिन बंद ठेवण्याचं बटण. चुकून अंगठा लागला की गाडी मेल्यासारखी होते. माझ्या गॅरेजला ढकलत आणलेल्या दर चार गाड्यांतली एक त्या बटणामुळे 'बिघडलेली' असते, आणि अशा गिऱ्हाइकाला मी चहा पाजता पाजता मनसोक्त छळतो. त्या दिवशी माइकवर म्हणालो, "मी तुमची परीक्षा घेत होतो." टाळ्या पडल्या, पण विश्वास कोणी ठेवला नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढे मी स्वतःला बराच शहाणा म्हणवून घेणार आहे.

तीस वर्षं मी मोटारसायकलींच्या पोटात हात घालतो आहे. त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं एकाच कामासाठी माझं नाव होतं. ते काम म्हणजे क्रूझर गाडीची ताकद वाढवणं. क्रूझर म्हणजे ती जड, रुबाबदार, पाय पुढे टाकून बसायची गाडी. कंपनी ती सगळ्यांचा विचार करून बनवते. ती फैजपूरच्या केळीवाल्यालाही चालवायची असते आणि पेन्शनरालाही. त्यामुळे इंजिनात ताकद असते, पण हात राखून. तो राखलेला हात सोडवायचा, हा माझा धंदा.

लोक दोन शब्द एका दमात बोलतात, हॉर्सपॉवर आणि टॉर्क. गिऱ्हाईक विचारायचं, भाऊ, दोन्हीत फरक काय? मी सांगायचो, कापसाने भरलेली बैलगाडी चिखलात रुतली आहे. पहिला हिसका देऊन चाक हलवतो तो बैल म्हणजे टॉर्क. आणि मोकळ्या सडकेवर किती जोरात, किती वेळ पळत राहतो तो घोडा म्हणजे हॉर्सपॉवर. तुला बैल पाहिजे की घोडा ते आधी ठरव. नव्वद टक्के लोक म्हणायचे, दोन्ही.

इंजिन हा तसा साधा प्राणी आहे. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, दाबायचं, पेटवायचं, धूर बाहेर टाकायचा. ताकद वाढवायची तर श्वास मोठा करावा लागतो. सिलिंडर आतून कोरून रुंद करायचा, त्यात मोठा पिस्टन बसवायचा, हवेची वाट घासून गुळगुळीत करायची, झडपा जास्त वेळ उघड्या राहतील असा कॅम टाकायचा, सायलेन्सर मोकळा करायचा. हल्ली गाडीत कॉम्प्युटर असतो, त्यालाही नवा हिशेब शिकवावा लागतो. ते लॅपटॉपचं काम पुण्याचे एक गृहस्थ फोनवरून करून देत. ते सांगायचे, मी वायर लावायचो, आणि काम झाल्यावर दोघांनाही वाटायचं, आपणच केलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. धरणगावचे एक जिनिंगवाले शेठजी आले. गाडी दाखवून म्हणाले, "भाऊ, पावर बढाओ. मागून कोणी आलं की त्याला घाम फुटला पाहिजे." मी विचारलं, "शेठजी, तुम्ही चालवता किती?" तर म्हणाले, "घरून जिनिंगपर्यंत. दीड किलोमीटर." मी फक्त सायलेन्सर बदलला आणि आवाज जरा जाड करून दिला, कायद्याच्या आतला. आठ दिवसांनी पेढे घेऊन आले. "क्या बात है भाऊ, गाडी नुसती उडते!" एका घोड्याचीही भर पडली नव्हती. पण कान खूश झाले की माणूस उडतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

दुसरे शिंदखेड्याकडचे दूधवाले आबा. क्रूझरच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून यायचे. मुलाने हौसेने घेतलेली गाडी, मुलगा नोकरीला पुण्यात गेला आणि गाडी आबांच्या कॅनखाली आली. म्हणाले, "भाऊ, चढाववर गाडी रडस. इंजिन मोठं करी दे." मी म्हटलं, "आबा, इंजिन कशाला? चेनचं मागचं चक्कर दोन दातांनी मोठं करतो. पळेल कमी, ओढेल जास्त." आबा संशयाने पाहत राहिले. "इतलंच? तुनं नाव तं मोठं शे, भाऊ." नाव मोठं आणि काम लहान, हे त्यांना पटेना. पण चढावर गाडी रडायची थांबली.

हे दोघं सोपे. अवघड गिऱ्हाईक ते, ज्याचं इंजिन खरोखर मोठं केलं आहे आणि ज्याला ते आजच घरी न्यायचं आहे.

कारण इथे एक गोष्ट असते, तिला आम्ही 'रनिंग' म्हणतो. कोरलेला सिलिंडर आणि नवा पिस्टन एकमेकांना अनोळखी असतात. दोन्ही खरखरीत, दोन्ही आपापल्या जागी ताठ. पहिले पाचशे किलोमीटर गाडी पन्नासच्या आत, मधे मधे थांबवून, गार करत चालवायची. मग ते एकमेकांच्या अंगाने झिजतात आणि जमवून घेतात. आधीच पळवली तर पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला आतून चिकटतो. याला आम्ही म्हणतो, इंजिनाने धरलं. धावत्या गाडीचं इंजिन धरलं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि गाडी घसरत आडवी होते.

म्हणून माझा नियम होता. इंजिन केलं की पहिले तीनशे किलोमीटर मी स्वतः चालवणार. रोज पहाटे, धरणगावच्या रस्त्याने, बैलगाड्यांच्या मागे मागे. तोपर्यंत गाडी मिळणार नाही. उरलेल्या दोनशेसाठी गाडी देताना एकच धडा द्यायचो, गिऱ्हाइकाकडून तीनदा म्हणून घ्यायचो: डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिनाने धरलंय असं नुसतं वाटलं, आवाज बदलला, गाडी मागे खेचल्यासारखी झाली, की विचार न करता क्लच दाबायचा. क्लच दाबला की इंजिन आणि चाक सुटे होतात, चाक फिरत राहतं आणि माणूस वाचतो. त्यासाठी मिळतो एक सेकंद. ब्रेककडे हात गेला तर तो सेकंद गेला.

फैजपूरचे एक केळीवाले पंडितभाऊ गाडी न्यायला दोन जीप भरून माणसं घेऊन आले होते. मिरवणूक होती. मी चावी खिशात टाकली आणि डबा उघडून जेवायला बसलो. ते म्हणाले, "गाडी कोणाची?" मी म्हटलं, "तुमची." "मग चावी?" "चावी तीनशे किलोमीटरनंतर तुमची." शिव्या खाऊन जेवलो. पुढे गाडी नेली, त्यानंतर महिनाभराने आले ते केळीचा घड खांद्यावर घेऊन. सत्तरच्या वेगात इंजिन धरलं होतं, बोटं क्लचवर होती. गाडी सरळ कडेला जाऊन उभी राहिली. मागे त्यांची आई बसली होती. म्हणाले, "भाऊ, त्या दिवशीच्या शिव्या परत घेतो." मी म्हटलं, "घड ठेवा, शिव्या राहू द्या. परत लागतील."

असा मी. मंत्र्याचा भाचा आला तरी चावी न देणारा. आता माझ्या जावयाचं सांगतो.

आमची एकच मुलगी, वर्षा. धुळ्याला दिली. एका लॅबोरेटरीत रक्त-लघवी तपासायचं काम करते, दिवसभर उभ्याने. जावई हर्षलराव बियाण्यांच्या कंपनीत. मुलगा चांगला, बोलका, क्रूझरचा वेडा. लग्न जमलं तेव्हाच मला शंका आली होती की त्याने मुलीपेक्षा सासरा पाहून होकार दिला असावा.

मागच्या वेळी अधिक महिना आला. आमच्याकडे अधिक महिन्यात जावयाला धोंड्याचं जेवण आणि वाण असतं, ते सगळ्यांना माहीत आहेच. तेहतीस अनारसे, ताटात दिवा, आणि ऐपतीप्रमाणे काहीतरी चांदीचं. बायकोने चांदीचं ताट बघून ठेवलं होतं. फोनवर हर्षलराव हसून म्हणाले, "मामा, ताट कशाला? द्यायचंच असेल तर इंजिन करून द्या."

खरं सांगतो, मला आकाश ठेंगणं झालं. लोकांचे सासरे ताटं देतात, वाट्या देतात. माझं वाण धुळ्याच्या रस्त्यावर धडधडत फिरणार होतं!

गाडी पंधरा दिवस आधी मागवून घेतली. पण राजकोटहून पिस्टन यायला उशीर झाला. सिलिंडर कोरून आणला, पिस्टन बसला, फटी मोजल्या, पुन्हा मोजल्या. हवेची वाट तर इतकी गुळगुळीत केली की हात फिरवावासा वाटावा. तीस वर्षांत इतकं देखणं काम हातून झालं नव्हतं. सोमवारी दुपारी गाडी सुरू झाली, आणि त्याच दुपारी धोंड्याचं जेवण होतं. मी अनारसे खाताना इंजिनाचा आवाज ऐकत होतो.

मंगळवारी पहाटे मी सत्तर किलोमीटर रनिंग केलं. उरले दोनशे तीस. म्हणजे अजून तीन-चार दिवस.

हर्षलरावांना गुरुवारी सकाळी कामावर हजर व्हायचं होतं. मी म्हटलं, "बुधवारी रात्रीपर्यंत थांबा, अजून दीडशे करतो." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "बुधवारी कसं निघतील? बुधवारी लेक सासरी पाठवतात का?" हेही आमच्याकडचं. बुधवारी पाठवलेली लेक पुन्हा लवकर माहेरी येत नाही म्हणतात. म्हणजे निघायचं तर मंगळवारीच, आज.

मी जावयाला म्हटलं, "मग असं करा, तुम्ही दोघं एसटीने जा. गाडी मी रविवारी धुळ्याला आणून देतो."

हर्षलराव हळूच म्हणाले, "मामा, नाना वाट बघताहेत. गल्लीतले सगळे येणार आहेत गाडी बघायला. धोंड्याचं वाण घ्यायला गेलेला जावई एसटीने परत आला, तर लोक काय म्हणतील?" नाना म्हणजे त्यांचे वडील.

मला हेच पाहिजे होतं. नानांनी आणि त्यांच्या गल्लीने माझं काम बघावं, ही हौस जावयापेक्षा मला जास्त होती. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही. वरवर म्हणालो, "बरं, मग तसंच करा."

मग पाठवणी. बायकोने वर्षाची ओटी भरली, दोघांच्या हातावर दही ठेवलं, जावयाला टोपी-उपरणं. अनारशांचा डबा मागे बांधला. मी गाडीजवळ उभा राहून म्हणालो, "हर्षलराव, पन्नासच्या वर जमलं तर नेऊ नका."

जमलं तर! गिऱ्हाइकाला मी असं कधी म्हटलं नसेल. गिऱ्हाइकाचा हात धरून क्लचवर ठेवायचो. पण जावयाचा हात कसा धरायचा? जावयाला 'असं करा' म्हणता येत नाही, 'असं केलंत तर बरं होईल' म्हणावं लागतं. तरी मी सुरुवात केली. म्हटलं, "आणि एक सांगायचं राहिलं. समजा रस्त्यात इंजिनाने धरलं, तर..."

"अहो!" बायको म्हणाली. "निघताना काय बोलता हे? कपाळाला कुंकू लावलंय आत्ता."

वर्षा हसली. "पप्पा, फोनवर सांगा." हर्षलरावही हसले. मीही हसलो. गाडी सुरू झाली आणि तो आवाज ऐकून मी सगळं विसरलो. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी गाडीकडे पाहत होतो, मुलीकडे नाही.

पारोळा सोडल्यावर ते झालं.

दोन-तीन गाड्यांनी त्यांना मागे टाकलं. हर्षलरावांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. बघू तर खरं मामांनी काय केलंय, असं म्हणाले, हे वर्षाने मला फार नंतर सांगितलं. शंभरच्या पुढे गेल्यावर इंजिनाने धरलं. त्यांना वाटलं चाकात काही अडकलं, म्हणून ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन घसरत गेली. हर्षलरावांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. वर्षाचा उजवा गुडघा गाडीखाली आला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं, ते मात्र मी निघताना स्वतः घट्ट करून दिलं होतं. तेवढंच शहाणपण.

वर्षाच्या गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. तिसरी करून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. आता तो पूर्ण वाकत नाही. तिला खाली बसता येत नाही. लॅबमध्ये दिवसभर उभं राहता येत नाही, म्हणून तिला टेबलावरचं काम दिलं आहे, रिपोर्ट टाइप करायचं. ती त्याला 'बढती' म्हणते.

गाडी मी टेम्पोतून परत आणली आणि इंजिन उघडलं. फटी मोजल्या. बरोबर होत्या. तेल पुरेसं होतं, तेलाची वाट मोकळी होती. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. कोणीही जाणता मेकॅनिक बघताक्षणी सांगेल की काम पक्कं आहे, गाडी कच्ची असताना पळवली आहे.

पण धुळ्यात तोवर वेगळीच गोष्ट पोहोचली होती. सासऱ्याने इंजिनच कच्चं केलं, चालता चालता बंद पडलं. हर्षलरावांनी नानांना सांगितलं होतं, "मी सावकाशच चाललो होतो."

मी पिस्टन फडक्यात गुंडाळून धुळ्याला गेलो. नानांच्या पुढे बसलो. वर्षा आतल्या खोलीत पाय पलंगावर ठेवून पडली होती, दार उघडं होतं. हर्षलराव गळ्यातल्या झोळीत हात अडकवून कोपऱ्यात, मान खाली. नाना म्हणाले, "भाऊ, तुमचं एवढं नाव. घरच्याच माणसाच्या गाडीत असं कसं झालं?"

पिस्टन पिशवीत होता. बाहेर काढून एवढंच म्हणायचं होतं, नाना, तुमच्या मुलाला विचारा. मी दाराकडे पाहिलं. वर्षा माझ्याकडे पाहत होती. तिने मान हलवली, अगदी थोडी. नको.

तिला त्या घरात राहायचं होतं. बायकोचा पाय मोडून वर खोटं बोलणारा नवरा, अशी त्याची ओळख त्याच्या बापासमोर झाली असती, तर तो ओळख करून देणाऱ्याच्या मुलीशी कसा वागला असता? मी पिशवी खाली ठेवली आणि म्हणालो, "नाना, चूक माझी. काम कच्चं राहिलं."

कोपऱ्यातली मान खालीच राहिली. मी थोडा वेळ वाट पाहिली, खोटं कशाला सांगू.

परत येताना पिस्टन भंगारवाल्याकडे टाकला. पुरावा घरात राहिला की एक दिवस तोंड उघडतं.

खानदेशात बातमीला रनिंग लागत नाही. महिन्याभरात शिरपूर, चाळीसगावपर्यंत गेलं, की भाऊंच्या हातात आता पहिल्यासारखं राहिलं नाही, स्वतःच्या लेकीला पाडलं. इंजिनाची कामं बंद झाली. मग मीच पाटीवरून ती ओळ पुसून टाकली. आता तेल बदलतो, चेन ताणतो, पंक्चर आलं तर तेही काढतो. शेठजी मात्र अजून येतात. आवाज बसला म्हणतात.

पंडितभाऊ आले होते एकदा. म्हणाले, "भाऊ, लोक म्हणतात त्यावर माझा विश्वास नाही. खरं काय ते मला सांगा." मी म्हटलं, "लोक म्हणतात ते खरं." ते गाडीला किक मारून निघून गेले. तो दिवस मला सत्काराच्या दिवसापेक्षा जास्त लक्षात आहे.

जावई घरी यायचे बंद झाले नाहीत. येत, जेवत, सासूशी बोलत. गॅरेजच्या बाजूला मात्र फिरकत नसत. मीही कधी काही विचारलं नाही. दोघंही एकमेकांना मान देत होतो, आणि तो मान मला ढेकणासारखा चावायचा.

यंदा उन्हाळ्यात नानांचा फोन आला. म्हातारा माणूस, आवाज चिरका झालेला. म्हणाले, "भाऊ, पोऱ्याने आज मला बठ्ठं, सगळं सांगितलं. त्याने पळवली होती. तुमच्या कामात खोट नव्हती. मी तुमच्याशी वाईट बोललो होतो, माफ करा." मी म्हटलं, "नाना, जाऊ द्या." ते म्हणाले, "जाऊ कसं द्या? मी चार लोकांत सांगेन. तुम्हीही सांगा, लिहा, काय करायचं ते करा." म्हणून हे लिहितो आहे. नावं बदलली आहेत, पण ज्याला ओळखायचं आहे तो ओळखेल. हर्षलरावांना विचारलं, ते म्हणाले, "लिहा मामा."

नाना फोन ठेवता ठेवता आणखी एक बोलले. "पोऱ्या म्हणतो, ते क्लचचं त्याला माहीत नव्हतं. नंतर कोणीतरी सांगितलं. माहीत असतं तर चाक मोकळं झालं असतं, म्हणतो. तुम्ही त्याला सांगायला विसरले का, भाऊ?"

मी म्हटलं, "हो."

फोन ठेवला. दोन वर्षं मी मनात एकच उजळणी करत होतो, की माझं काम पक्कं होतं. आता समोरच्याने ते कबूल केलं, आणि हातात उरली ती न सांगितलेली ओळ. तीनशे किलोमीटर राहू द्या, पन्नासचा वेग राहू द्या. दारात उभा राहून एक वाक्य पुरं केलं असतं तर पोरीचा पाय तिचा राहिला असता.

बायको भाजी निवडत होती. माझ्याने राहवलं नाही. म्हणालो, "नानांचा फोन होता. क्लचचं विचारत होते. मी सांगत होतो त्या दिवशी, पूर्ण सांगत होतो. तू मधेच अडवलंस. निघताना बोलू नये म्हणालीस."

दोन वर्षं जे मनात होतं ते एकदाचं बोलून टाकलं. वाटलं, आता रडेल, नाहीतर भांडेल.

तिने मेथीची जुडी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीस वर्षांत मी सांगितलेलं एक तरी ऐकलंत का तुम्ही? मग तेवढंच कसं ऐकलंत?"